सव्वा मुठीचा परवाना

चैत्राम पाटलांच्या मिशा अशा की गेटवरचे ट्रक ड्रायव्हरसुद्धा त्यांच्याशी अदबीनं बोलत. त्यांचा कॉम्प्युटर मात्र रोज सकाळी 'सुप्रभात, सारिका' असं म्हणून त्यांचं स्वागत करी, आणि पाटीलही त्यात काही वावगं न मानता डिस्पॅचच्या कामाला लागत. जळगावच्या एमआयडीसीतल्या बोरसे डाळ मिलमध्ये हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि कोणाच्या डोळ्यावर आलं नव्हतं. हेमांगीच्या आलं, कारण तिला ऑडिटची तयारी करायची होती.

हेमांगी मिलची नवी सिस्टिम ॲडमिन. धुळ्याची मुलगी, कामात चोख, पण नोकरीच्या बाबतीत नशीब असं की आजवर एकाही ठिकाणी ती पक्की झाली नव्हती. कुठं कंत्राट संपलं, कुठं कंपनीच संपली. बोरसे मिलमध्ये प्रोबेशनचे सहा महिने सरत आले होते आणि धुळ्याहून आईचा रोज एकच प्रश्न येई, "लेटर दिलं का गं?" अशात सोमवारी सॉफ्टवेअर कंपनीचा मेल आला की शुक्रवारी आमचा माणूस येऊन परवाने तपासेल. मालक ललितभाऊंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"हेमांगीताई, आपल्याकडं चोरीचं काही नाही ना?"

"निंबाभाऊ जाताना म्हणाले होते, सगळं ओरिजिनल आहे."

"मग झालं. ऑडिट साफ निघू द्या, लगेच तुमच्या लेटरवर सही करतो. नाही निघालं तर मात्र मला विचार करावा लागेल."

निंबाभाऊ म्हणजे आधीचे ॲडमिन. मालकांच्याच भाऊबंदातले, आता निवृत्त होऊन शिरपूरला मुलाकडं राहत होते. त्यांनी सगळं ओरिजिनल घेतलं होतं यात काही खोटं नव्हतं. हेमांगीनं परवान्यांचं खातं उघडलं तर जितके कॉम्प्युटर तितके परवाने, एक कमी नाही की जास्त नाही. तिला इतकं हलकं वाटलं की तिनं चहा मागवला. चहा यायच्या आत तिनं नावं वाचली आणि मग चहा तसाच निवला.

प्रत्येक परवाना एकेका माणसाच्या नावावर होता आणि त्यातलं एकही नाव मिलमध्ये कामाला नव्हतं. हिलाल बोरसे, सुंदरबाई बोरसे, प्रेमराज बोरसे, सारिका बोरसे, अशी सगळी बोरसे मंडळी. खात्याचं नावही 'बोरसे परिवार'. ती उठून अकाउंटंट धर्मेंद्रच्या टेबलाशी गेली.

"धर्मेंद्रभाऊ, हे हिलाल बोरसे कोण?"

"मी," धर्मेंद्र मान वर न करता म्हणाला.

"तुमचं आडनाव तर वाणी आहे ना?"

"ते बाहेर. मशीनवर मी हिलाल बोरसे. म्हणजे ललितभाऊंचे वडील. आबा वारले त्याला चार वर्षं झाली. आता जीएसटीचं सगळं तेच भरतात."

शेजारून चैत्राम पाटलांनी भर घातली. "मी सारिका. ललितभाऊंच्या मिसेस. मार्चमध्ये माझा वाढदिवस येतो ताई, मशीन शुभेच्छा देतं. त्या दिवशी मी सगळ्यांना कचोरी देतो."

हेमांगीनं तिथूनच निंबाभाऊंना फोन लावला. निंबाभाऊंना कोणीतरी जुनं काम विचारतंय याचाच इतका आनंद झाला की त्यांनी आधी सगळ्यांची खुशाली विचारली, पावसाचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आले.

"अवं ताई, ती कंपनीनी पोर माले फोनवर सांगे, परिवारमा जितला मानसं, तितला परवाना. एक मानूसना दुसराले चालाव नही. बाहेरनाले ते देवानंच नही. मी म्हनं, हाई ते रोटच शे."

आता हे रोट खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा घरातल्या एकेकाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे आणि त्याच्या जाड पोळ्या, म्हणजे रोट, करायचे. घराघराची रीत थोडी निराळी. बोरशांकडं लहानथोर, लेकीसुना, सगळ्यांच्या नावानं मूठ पडे. माणूस सुरतेला असो की पाळण्यात असो, त्याची मूठ चुकायची नाही. आणि हे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. निंबाभाऊंना सॉफ्टवेअरच्या परवान्याचे नियम ऐकताना ही जन्मापासूनची रीत आठवली आणि त्यांनी मोठ्या श्रद्धेनं अख्ख्या बोरसे घराण्याच्या नावानं परवाने घेऊन टाकले. घरात माणसं जितकी, तितकेच मिलमध्ये कॉम्प्युटर होते, म्हणून हिशेबही चुकला नाही.

"पण निंबाभाऊ, परिवार म्हणजे तिला आपली संस्था म्हणायचं होतं. काम करणारी माणसं."

"कामवाला कसा परिवार व्हई, ताई? त्या ते पगार लेतस."

हेमांगीनं फोन ठेवला आणि विचार केला की एवढं काही बिघडलेलं नाही. खात्यातून एकेक बोरसे काढायचा आणि त्याच्या जागी तिथं बसणारा माणूस घालायचा, अर्ध्या दिवसाचं काम. परवाने तेवढेच राहतील आणि लेटरही हातात पडेल. बुधवारी सकाळी तिनं शुभारंभ केला. पहिल्यांदा हिलालआबांना काढलं, कारण त्यांची हरकत असण्याचा प्रश्न नव्हता. मग प्रेमराज, मग सारिका. तेवढ्यात वजनकाट्याचा प्रिंटर अडकल्याचा निरोप आला म्हणून ती उठून तिकडं गेली.

निंबाभाऊंनी आणखी एक काम हौसेनं करून ठेवलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. प्रत्येक नावापुढं त्या त्या माणसाचा मोबाइल नंबर होता आणि खात्यातला बदल मराठीतून कळवण्याची सोय चालू होती. त्यामुळं हेमांगी काट्यावर प्रिंटरमधला कागद उपसत असताना तीन मोबाइल वाजले. तिन्हींवर एकच संदेश होता. 'आपणांस बोरसे परिवारातून वगळण्यात आले आहे. काही शंका असल्यास परिवार प्रमुखांशी संपर्क साधावा.'

सारिकावहिनी श्रावणाच्या निमित्तानं चार दिवस धुळ्याला माहेरी गेल्या होत्या. निघताना ललितभाऊंशी मिक्सर दुरुस्त करण्यावरून थोडं वाजलं होतं. संदेश वाचून त्या मटकन खालीच बसल्या. नऊ वर्षांचा संसार, आणि एका मिक्सरवरून सगळं संपलं, तेही असं मोबाइलवर. प्रेमराजकाका सुरतेला कापडाच्या दुकानात होते. त्यांनी संदेश दोनदा वाचला, गिऱ्हाइकाला तसंच सोडलं आणि मोठ्यानं म्हणाले, "म्हणजे वाटणी केली पोरांनी, मला न विचारता." आबांचा मोबाइल त्यांच्या माघारी त्यांच्या पत्नी, म्हणजे ललितभाऊंच्या आई सुंदरबाई अक्का जवळ बाळगत. त्यांनी नातवाकडून संदेश वाचून घेतला आणि चप्पल घातली.

हेमांगी टेबलावर परत आली तेव्हा ललितभाऊ केबिनमध्ये दोन कानांना दोन फोन लावून उभे होते. एकात मेहुणा विचारत होता की आमच्या बहिणीचं काय चुकलं. दुसऱ्यात प्रेमराजकाका सांगत होते की मी निघालोय, वकीलही बघून ठेवलाय. ललितभाऊंना यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. तेवढ्यात अक्का आत आल्या. सत्तरी उलटलेली बाई, अंगावर साधं लुगडं, पण त्या आल्या की मिलमधली माणसं उगाच सरळ बसत.

"मना मालकनं नाव कोनी काढं?" अक्कांनी विचारलं.

सगळ्यांनी हेमांगीकडं पाहिलं. हेमांगीनं उठून, हात पुसत, जमेल तितकं सोपं करून सांगितलं. परवाना काय, ऑडिट काय, आणि ज्याच्या नावावर परवाना आहे त्यानंच मशीनवर बसायला हवं हेही सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग बठतीन," अक्का म्हणाल्या.

"कोण बसतील?"

"ज्यासनं नाव शे त्या. बठाले काय जास? कानबाईसाठे बठ्ठा भाऊबंद येतसच शेत. पन पोरी, देख. रोटमातीन नाव एकच येळे निंघस. मानूस गया म्हनजे. त्या गयात तरी मी त्यासनी मूठ अजून टाकस. तू नावं परत टाक."

हेमांगीनं ललितभाऊंकडं पाहिलं. ललितभाऊंच्या एका कानात अजून मेहुणा होता. ते नुसतंच म्हणाले, "टाका, टाका. आणि शुक्रवारी तुम्ही फार बोलू नका."

अशा रीतीनं शुक्रवारी सकाळी बोरसे डाळ मिलचं कामकाज बोरसे परिवारानं हातात घेतलं. सारिकावहिनी डिस्पॅचला बसल्या. संदेशामागची हकीकत कळल्यावर त्या परत आल्या होत्या, पण आधी नवा मिक्सर घ्यायला लावून. प्रेमराजकाका गुरुवारीच सुरतेहून येऊन पोचले होते आणि वाटणी झालेली नाही हे कळूनही सावधपणा म्हणून काट्याच्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले होते. काकू, वहिन्या, चुलतभाऊ, शाळा बुडवलेली नातवंडं, ज्याची त्याची जागा ठरली. शिरपूरहून निंबाभाऊ खास इस्त्रीचा शर्ट घालून आले. धर्मेंद्रच्या टेबलावर आबांचा फोटो ठेवला होता. खरा स्टाफ भिंतीला लागून उभा होता, आणि गेटबाहेर तुरीचे ट्रक लागत चालले होते, कारण काट्याची पावती कशी काढायची हे प्रेमराजकाकांना ठाऊक नव्हतं आणि ते कोणाला हात लावू देत नव्हते.

सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस भूषण दहाच्या सुमारास आला. पुण्याचा, तरुण, फार नम्र. त्यानं आल्या आल्या सगळ्यांना नमस्कार केला आणि कामाला सुरुवात केली.

"आपलं नाव?"

"प्रेमराज बोरसे."

"आपलं इथं पद काय?"

"वाटेकरी," काकांनी ठासून सांगितलं.

भूषणनं ते लिहून घेऊन पुढचं टेबल गाठलं. तिथं सारिकावहिनी माउसला हात न लावता त्याच्याकडं बघत बसल्या होत्या. भूषणनं त्यांना पासवर्ड टाकायला सांगितलं. वहिनींनी मागं पाहिलं. भिंतीपासून चैत्राम पाटील दोन पावलं पुढं आले, वाकले आणि मिशीतल्या मिशीत म्हणाले, "तुमचाच वाढदिवस आहे, वहिनी. मधे टिंब द्या." वहिनींना आपला वाढदिवस नवऱ्याच्या नाही तरी डिस्पॅच क्लार्कच्या लक्षात आहे हे पाहून भरून आलं. त्यांनी केबिनच्या दिशेनं एक कटाक्ष टाकला. ललितभाऊ काच पुसत असल्यासारखं करत होते.

आबांच्या फोटोसमोर भूषण जरा जास्त वेळ थांबला. फोटोला ताजा हार होता आणि पडद्यावर 'सुप्रभात, हिलाल' दिसत होतं.

"हे?"

"त्या आते येतस नही," अक्का शेजारच्या खुर्चीवरून म्हणाल्या. "पन काम बठ्ठं त्यासनंच शे."

भूषणनं लॅपटॉप मिटला. त्यानं खोलीभर नजर फिरवली, भिंतीला लागून उभी असलेली माणसं पाहिली, बाहेर ट्रकचे हॉर्न ऐकले, आणि हेमांगीजवळ आला. "मॅडम, ॲडमिन तुम्ही ना? मला एवढंच सांगा. ही सगळी मंडळी रोज इथं काम करतात?"

केबिनच्या काचेमागून ललितभाऊ तिच्याकडं पाहत होते. 'हो' म्हटलं की ऑडिट साफ, लेटर हातात आणि आईचा रोजचा प्रश्न बंद. हेमांगीला ते 'हो' ओठांवर जाणवलं. पण धर्मेंद्र आणि पाटील भिंतीला लागून शाळेत उभं केलेल्या मुलांसारखे दिसत होते.

"नाही," ती म्हणाली. "काम ती उभी आहेत ती माणसं करतात. चुकीची नावं आधीपासून होती, पण आता ॲडमिन मी आहे. तुम्हाला काय लिहायचं ते लिहा."

ललितभाऊंनी काच पुसणं थांबवलं. हेमांगीच्या मनात आलं की आता आईला काय सांगायचं, आणि धुळ्याची बस किती वाजता असते.

भूषणनं मात्र कपाळावरचा घाम पुसला आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. "बरं झालं तुम्ही बोललात. मला वाटलं होतं हे मलाच बोलून दाखवावं लागेल, आणि आजींसमोर मला धीर होत नव्हता. अहो, परवाने विकतचे आहेत, मोजून आहेत. फक्त नावं बदला, मी लगेच सर्टिफिकेट देतो."

"नाव काढाना नहीत," अक्का म्हणाल्या.

"मग काम करणाऱ्यांना नवीन परवाने घ्यावे लागतील आजी. जुनेही ठेवा हवे तर. न वापरलेल्या परवान्यांवर आमची हरकत नाही. फक्त परिवारात कोण आणि बाहेरचं कोण, हे एकदा प्रमुखांनी ठरवून सांगावं. आमच्या करारात तसंच आहे."

"प्रमुख कोन?"

भूषणनं लॅपटॉप उघडून पाहिलं. "सुंदरबाई हिलाल बोरसे."

निंबाभाऊंनी खाली पाहिलं, कारण हेही त्यांचंच काम होतं. ललितभाऊंना आपण आपल्याच मिलचे प्रमुख नाही हे आज कळलं. अक्कांना त्यात नवीन काही वाटलं नाही. त्या उठल्या आणि भिंतीलगतच्या माणसांपुढून एकदा चालत गेल्या.

"हाऊ धर्मेंद्र मना मालकना नाववर इतला साल बठना," त्या म्हणाल्या. "हाऊ चैत्राम मनी सूनना वाढदिवस करस. यासले बाहेरना कोन म्हनी? घाला बठ्ठासले."

"अक्का, दुप्पट खर्च येईल," ललितभाऊ बाहेर येत म्हणाले.

"रोट कधी मोजीसन कमी करतस का?"

ललितभाऊ परत केबिनमध्ये गेले. हेमांगी खुर्चीवर बसून एकेक नाव घालू लागली. धर्मेंद्र वाणी, चैत्राम पाटील, काट्यावरचा झुलाल, पॅकिंगमधल्या बाया. प्रेमराजकाका उठले, त्यांच्या जागी काटेवाला बसला आणि ट्रक आत येऊ लागले. शेवटच्या नावापर्यंत अक्का तिच्या खांद्यामागं उभ्या होत्या.

"तुन्हं नाव कोठे शे?"

"माझं नको, अक्का. मी अजून पक्की नाही. आणि आता होईन असं वाटतही नाही."

"मंग घाल आते," अक्का म्हणाल्या. "मी सांगस ना."

हेमांगीनं स्वतःचं नाव टाकलं. इतक्या वर्षांत तिनं किती जणांना किती यंत्रणांमध्ये घातलं आणि काढलं, पण तुझंही नाव घाल असं तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तिला रडू आलं आणि ते लपवायच्या घाईत तिनं मोबाइल नंबरच्या जागी पाठ असलेला पहिला नंबर घातला. तो धुळ्याला आईच्या मोबाइलचा होता.

अर्ध्या मिनिटात आईचा फोन आला. आवाज थंड होता. "हेमा, बोरसे कोण?"

"आमचे मालक. का गं?"

"मला मेसेज आलाय. 'आपणांस बोरसे परिवारात सामील करून घेण्यात आले आहे. अभिनंदन.' आईबापाला न विचारता असं करायचं असतं का? मुलगा काय करतो एवढं तरी सांग."

हेमांगीनं परोपरीनं समजावलं, पण आईला ते पुरतं पटलं नाही. शनिवारी सकाळच्या एसटीनं त्या जळगावला हजर झाल्या, येताना खबरदारी म्हणून एक साडी आणि पेढ्यांचा पुडा घेऊन. पत्ता विचारत त्या थेट बोरशांच्या घरीच पोचल्या. ओसरीवर गव्हाची रास होती. अक्का मूठ भरत होत्या आणि एकेक नाव घेत होत्या. घरच्यांचे गहू एका परातीत पडले. मग अक्कांनी दुसरी परात पुढं ओढली. त्यातले रोट वेगळे भाजायचे आणि मिलच्या माणसांनीच खायचे, म्हणजे रीतही मोडायची नाही आणि कोणी बाहेरही राहायचं नाही, असा त्यांनी तोडगा काढला होता. धर्मेंद्रची मूठ पडली, चैत्रामची पडली. मग अक्का म्हणाल्या, "हेमांगी," आणि सव्वा मूठ गहू परातीत पडले.

आईंनी ते पाहिलं. पोरीचं नाव असं मोठ्यानं, चारचौघांत, गव्हासकट घेतलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग तो खाली घेतला आणि दारात उभ्या असलेल्या ललितभाऊंकडं वळल्या.

"पण हिच्या पक्कं करायच्या लेटरचं काय?"

"मावशी," ललितभाऊ हात जोडून म्हणाले, "लेटर मी दिलं तर उद्या मीच परत घेऊ शकतो. ही मूठ परत घ्यायची तर अक्कांना विचारावं लागेल. ते धाडस मी आजवर केलेलं नाही. आता तुमची मुलगी काढायची म्हटली तरी निघायची नाही."

आईंनी थोडा विचार केला. त्यांना ते पटलेलं दिसलं. हेमांगीनं समाधानानं श्वास सोडला.

"ते खरं," आई म्हणाल्या. "तरी लेटर द्या."

अक्कांनी मूठ भरता भरता मान वर केली, हेमांगीच्या आईला एकदा नीट न्याहाळलं आणि मुलाला म्हणाल्या, "बाई बराबर बोलस. आत जाय, लेटरवर सही करीसन लई ये."